तांब्यावरचा पापुद्रा

शाइस्ता करमाडची. तिचे अब्बा जालना रोडवरच्या एका लहानशा दुकानात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचे. जळालेली मोटार खोलायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी भरायची. शाळेतून आली की शाइस्ता दुकानाच्या पायरीवर बसून अभ्यास करायची. भौतिकशास्त्र मात्र तिनं तांब्यापायी घेतलं नाही. बारावीला शिकवणाऱ्या बाई एकदा तिला म्हणाल्या की तुझे प्रश्न घरी गेल्यावरही माझ्या डोक्यातून जात नाहीत. ते वाक्य तिला इतकं आवडलं की तिनं तोच विषय धरला आणि पार एमएस्सीपर्यंत नेला. करमाडहून शहरात रोज एसटीनं ये-जा करून.

मी तिला ओळखते ती त्यानंतरची. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, पूर्वी जिथं रबरी वॉशर बनायचे त्या शेडमध्ये आमची प्रयोगशाळा आहे. रत्नमाला मॅडम बंगळुरूला बरीच वर्षं संशोधन करून आपल्या गावी परतल्या आणि त्यांनी ती उभी केली. माणसं मोजकीच. माझं नाव मंजुषा, मी सूक्ष्मदर्शकावर बसते. शाइस्ता मुलाखतीला आली तेव्हा मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं की इथं नव्वद वेळा फुकट जातं आणि मग एखादी गोष्ट जमते. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात बोअर घेतात तेव्हा तसंच असतं. तरी लोक घेतात." मॅडम हसल्या आणि तिला ठेवून घेतलं.

आमचं काम ग्राफीनचं. पेन्सिलीतलं काळं टोक असतं ना, त्याचा कागदावर उमटणारा थर आणखी पातळ करत गेलो, इतका पातळ की शेवटी कार्बनच्या अणूंची एकच रांगोळी उरावी, म्हणजे ग्राफीन. ते डोळ्यांना दिसत नाही, वीज मात्र फार छान वाहून नेतं आणि वाकवलं तरी मोडत नाही. म्हणून अंगाला चिकटवायच्या, कापडासारख्या वाकणाऱ्या उपकरणांसाठी जगभर त्याच्यामागं लोक लागलेत. आम्ही आपसात त्याला पापुद्रा म्हणतो.

तो तांब्यावर वाढतो. तांब्याची पातळ फॉइल क्वार्ट्जच्या नळीत ठेवायची, भट्टी हजार अंशांच्या आसपास न्यायची आणि आत मिथेन व हायड्रोजन सोडायचा. मिथेनमधला कार्बन तांब्यावर बसतो आणि पापुद्रा तयार होतो. मग फॉइलवर पातळ लेप देऊन ती एका द्रावणात सोडायची. तांबं विरघळून जातं, लेपाला धरून पापुद्रा तेवढा वर तरंगत राहतो. तो स्वच्छ पाण्यात घ्यायचा आणि खालून प्लास्टिकचा तुकडा घालून अलगद उचलायचा, दुधावरची साय उचलावी तसा.

ऐकायला सोपं आहे. अडचण सुरकुत्यांची होती. थंड होताना तांबं आकसतं, पापुद्रा आकसत नाही. जागा कमी पडली की तो ठिकठिकाणी उभा राहतो, घड्या पडतात. मी सूक्ष्मदर्शकातून बघायची तर वाळलेल्या तळ्याच्या तळासारख्या रेघाच रेघा. सपाट ठेवला तर हरकत नसायची. पण वाकवला की त्या रेघांवरच तडे जायचे आणि त्यातून येणारा विजेचा संकेत थरथरायला लागायचा. मनगटावर लावला तर नाडी कोणती आणि थरथर कोणती, कळायचं नाही.

दोन वर्षं शाइस्ता त्या सुरकुत्यांच्या मागं होती. मध्ये तिचं लग्न झालं. ओवैस वाळूजला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, शिफ्टमध्ये काम करणारा, कमी बोलणारा माणूस. घर हर्सूलला. घरात तो आणि त्याची आई अमिना. आम्ही सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी म्हणतो. सासरे लग्नाआधीच गेलेले. सून भट्टीवर काम करते हे अमिनाखालांना सुरुवातीला विटांच्या भट्टीसारखं काहीतरी वाटलं होतं आणि त्या लग्नाच्या बोलणीतच काळजीनं म्हणाल्या होत्या की पोरीला ऊन लागत असेल.

शाइस्ताला दिवस गेले तसं मॅडमनी तिला गॅस आणि द्रावणांपासून लांब केलं. ती माझ्याशेजारी बसून आकडे लावायची. सातवा महिना संपत आला होता. एका दुपारी ती खुर्चीतून उठली आणि टेबल धरून उभी राहिली. मला म्हणाली, "मंजुषाताई, काहीतरी चुकतंय." मॅडमच्या गाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. ओवैस वाळूजहून येऊन पोचेपर्यंत मुलगी झालेली होती. इतकी लहान, की नर्सनं उचलली तेव्हा मला आधी फक्त दुपटंच दिसलं.

तहरीम नाव ठेवलं. कित्येक आठवडे ती काचेच्या पेटीत होती. पेटीला आत हात घालायला दोन गोल झडपा. शाइस्ता त्यातून बोट पुढं करायची आणि ती इवलीशी मूठ ते धरायची. मुलीच्या छातीवर आणि पावलावर पट्ट्या चिकटवलेल्या, त्यांच्या तारा बाहेरच्या यंत्राला. श्वास कमी पडला की यंत्र वाजायचं. आपली मुलगी त्या पट्ट्यांच्या भरवशावर आहे हे शाइस्ताला कळत होतं. पण पट्टी बदलायची वेळ आली की तिला तिथं थांबवत नसे. वेळेआधी आलेल्या बाळाची कातडी ओल्या कागदासारखी असते. पट्टी काढली की खाली लाल होऊन यायची, एकदा तर बारीकशी सोलवटलीच.

त्या विभागात लीलाबाई नावाच्या सिस्टर होत्या. साठीच्या आसपासच्या, जाड चष्म्याच्या. त्यांची पट्टी काढायची पद्धत वेगळी होती. ओढायच्या नाहीत. कापसाच्या बोळ्यानं कडेकडेनं भिजवत जायच्या, बाळाशी काहीबाही बोलत, आणि शेवटी पट्टी आपणहून सुटायची. विभागात किती बाळं आणि हाताखाली किती कमी माणसं, तरी तहरीमच्या पट्टीला त्या घाई करत नसत. शाइस्तानं एकदा त्यांचे आभार मानले तर त्या म्हणाल्या, "माझे कशाला मानतेस? चांगल्या पट्ट्या कुणी बनवल्या तर त्याचे मान."

त्यांना शाइस्ता काय काम करते हे ठाऊक नव्हतं. शाइस्तानंही सांगितलं नाही. ती मला नंतर म्हणाली की त्या वेळी ती मुलीच्या पावलावरच्या पट्टीकडं बघत होती. आपण दोन वर्षं ज्या सुरकुत्या काचेखाली बघत होतो त्या कशासाठी जायला हव्यात, हे तिला पहिल्यांदाच कुणाच्या तरी अंगावर दिसलं होतं, आणि ते अंग तिच्याच मुलीचं होतं.

लीलाबाईंनीच तिला बाळाला उघड्या छातीशी धरून बसायला शिकवलं. ओवैसलाही शिकवलं. तो शिफ्ट करून तसाच यायचा, हात धुऊन शर्टाची बटणं काढून खुर्चीत बसायचा आणि मुलगी त्याच्या छातीवर झोपायची. एवढा मोठा गडी, पण श्वास जोरानं घेतला तर तिला लागेल म्हणून जपून श्वास घ्यायचा. वजन हळूहळू वाढलं. एक दिवस तारा निघाल्या आणि तहरीम हर्सूलच्या घरी आली.

घरी आल्यावर शाइस्तानं मॅडमला फोन करून सांगितलं की मी आता येणार नाही. मॅडमनी आग्रह केला नाही. मुलीला जंतुसंसर्गाची भीती होती, ती नाजूक होती, आणि ओवैसच्या शिफ्टा बदलत्या. नातेवाइकांतही सगळ्यांचं हेच म्हणणं होतं की एवढं मरणातून परत आलेलं लेकरू टाकून कोण जातं. शाइस्तालाही तसंच वाटत होतं. तिला कुणी अडवलं नव्हतं, तिनं स्वतःच ठरवलं होतं.

काही महिने गेले. तहरीम बाळसं धरायला लागली. एके दिवशी दुपारी शाइस्ता तिला मालिश करत होती आणि अमिनाखाला समोर बसून मेथी निवडत होत्या. घरात त्या दोघींचं बोलणं दख्खनी उर्दूत चालतं. पण खालांचं माहेर करमाडच्याच बाजूच्या एका खेड्यातलं, लहानपण सगळं मराठी शेजारात गेलेलं. मनातलं काही बोलायचं असलं की त्या मराठीवर येतात, असं शाइस्ता सांगते. त्या दिवशी त्या मराठीत बोलल्या.

"ओवैसच्या आधी मला एक पोरगा झाला होता," त्या म्हणाल्या. "मोहियोद्दीन."

शाइस्ताचे हात थांबले. घरात हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"असाच येळेच्या आधी आला. तहरीमएवढाच. आमच्याकडं तवा काय व्हतं? दायीनं कापसात गुंडाळला, चुलीपाशी ठेवला. मी रातभर बोट नाकापाशी धरून बसायची, श्वास येतो का बघायला. मला कळायचंच नाय, की डोळा लागला तवाच तो थांबला का आधी." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तुझी पोरगी पेटीत व्हती तवा ते यंत्र वाजायचं. समदे दचकायचे. मला लई बरं वाटायचं. म्हणलं, कुणीतरी जागं हाय."

शाइस्तानं तहरीमच्या अंगावर दुपटं ओढलं. मग खालाच म्हणाल्या, "ओवैसनं मला सांगितलं तू काय बनवतीस ते. त्याच पट्ट्यांचं काम हाय म्हणं. व्हय का?"

"व्हय अम्मी. पण जमलेलं नाही अजून."

"मग इथं बसून कसं जमंल?"

शाइस्तानं तहरीमकडं बोट केलं. खाला म्हणाल्या, "तिला मी आणते तुझ्याबरोबर. तुझी भट्टी तापेस्तोवर तू दूध पाज. पण जा."

एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी शाइस्तानं मॅडमला पुन्हा फोन केला आणि घाबरत घाबरत विचारलं की मुलीला घेऊन आले तर चालेल का. मॅडम फोन हातात धरूनच उठल्या आणि शेडच्या मागची खोली बघायला गेल्या. तिथं वॉशरच्या कारखान्याचे जुने साचे पडलेले होते. त्यांनी ती खोली रिकामी केली, धुऊन घेतली, पांढरा रंग दिला. खोली गॅसच्या नळ्यांपासून लांब, तिला वेगळं दार आणि मोठी खिडकी. कूलर लावला, पलंग टाकला. डॉक्टरांना विचारून, सगळी काळजी घेऊन मगच शाइस्ताला बोलावलं.

तेव्हापासून रोज सकाळी हर्सूलहून एक रिक्षा यायची. आधी अमिनाखाला उतरायच्या, मग त्यांच्या हातात तहरीम, मग पिशव्या घेऊन शाइस्ता. भट्टी तापायला वेळ लागतो, थंड व्हायला त्याहून जास्त. त्या मधल्या वेळात शाइस्ता हात धुऊन, कोट काढून, कपडे बदलून मागच्या खोलीत जायची. कधी कधी मी डबा घेऊन तिकडं बसायची. खाला मला आग्रह करून ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढायच्या आणि विचारायच्या, "आज सुरकुती गेली का?" मी नाही म्हटलं की त्या म्हणायच्या, "जाईल."

परत आल्यावर शाइस्ताचं काम बदललं होतं. आधी ती हरेक प्रयोगात सगळंच थोडं थोडं बदलून बघायची. आता ती प्रश्न सुटा करायला लागली. तिनं मला सांगितलं की पापुद्रा तांब्यावर असतानाच त्याचे फोटो घ्या, आणि प्लास्टिकवर उचलल्यावर त्याच जागेचे पुन्हा घ्या. आम्ही शेजारी शेजारी लावून पाहिले. काही रेघा दोन्हीकडं होत्या, त्या भट्टीत पडलेल्या. काही फक्त दुसऱ्या फोटोत होत्या. म्हणजे त्या नंतर, पाण्यातून उचलताना पडत होत्या. इतके दिवस आम्ही दोन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध शोधत होतो.

भट्टीतल्या सुरकुत्यांवर उपाय परदेशातल्या संशोधकांनी दाखवलेला होता. नळीभोवती तारेचं वेटोळं बसवून त्यातून फार वेगानं दिशा बदलणारी वीज सोडली की आतला हायड्रोजन गुलाबी जांभळा चमकायला लागतो. त्यातले सूक्ष्म कण पापुद्र्यातून आरपार जाऊन तांबं आणि कार्बन यांच्या मध्ये शिरतात. तांब्याची पकड सैल होते. मग तांबं आकसलं तरी पापुद्र्याला ओढत नाही, तो जागच्या जागी सपाट राहतो. कागदावर हे सगळं होतं. आमच्या भट्टीत ते करताना मात्र शाइस्ताचे कितीतरी पापुद्रे चाळणी होऊन निघाले, कारण वीज जरा जास्त झाली की तोच हायड्रोजन पापुद्र्याला खायला लागतो. कमी ठेवली तर सुरकुत्या तशाच. त्यात आपल्याकडची लाईट. उन्हाळ्यात व्होल्टेज खाली गेलं की दिवसभराचं काम वाया. मॅडमनी शेवटी तेवढ्या वेटोळ्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या बसवून घेतल्या. त्या पैशांत त्या नवी गाडी घेणार होत्या. अजूनही जुनीच चालवतात.

पावसाळा सरताना एक तुकडा माझ्या टेबलावर आला. मी काच फिरवत राहिले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ नव्हती. मला वाटलं पापुद्रा वाढलाच नाही, रिकामंच तांबं आहे. दुसऱ्या यंत्रावर तपासलं तर पापुद्रा होता, सलग होता. मी शाइस्ताला हाक मारली. तिनं डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, "ताई, हे निम्मं झालं." आणि मागच्या खोलीत जाऊन तहरीमला उचलून घेऊन आली, आतल्या दाराच्या काचेपर्यंतच, आणि काचेतून तिला भट्टी दाखवली.

उरलेलं निम्मं पाण्याचं. उचलताना पापुद्र्याखाली पाणी अडकतं आणि सुकताना त्याला ओढून घड्या पाडतं. तिनं पाण्यात थोडं अल्कोहोल मिसळलं, म्हणजे पाण्याची ओढ कमी होते. तुकडा आडवा न ठेवता तिरका टेकवून पाणी हळूहळू निथळू दिलं. पूर्ण निथळल्यावरच सौम्य ऊब, प्लास्टिकला सोसेल इतकी. घाई केली त्या दिवशी घड्या पडल्याच. मॅडम तिला म्हणाल्या की तुझा हात आता फार शांत झालाय. शाइस्ता म्हणाली की तिनं ते लीलाबाईंकडून घेतलं. सिस्टर पट्टी भिजवत बसायच्या, ते ती रोज बघत होती. आपण ओढायचं नाही, सुटेपर्यंत थांबायचं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी प्लास्टिकवरचे सपाट पापुद्रे सलग निघायला लागले. आम्ही ते यंत्रावर वाकवले, सरळ केले, पुन्हा वाकवले, दिवसच्या दिवस. पडद्यावरची रेघ हलली नाही. त्यातून मॅडमनी मऊ, पारदर्शक पट्टी बनवली. तिला चिकटवायला गोंद लागतच नाही. ती इतकी पातळ, की कातडीवर आपोआप बसते.

नियम असा की आधी मोठ्या माणसांवर, त्यांच्या संमतीनं चाचणी घ्यायची. आम्ही सगळ्यांनी हात पुढं केले. अमिनाखाला दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या हाताला लावा की."

शाइस्ता जरा घुटमळली. पण मॅडमनी रीतसर सगळं समजावून सांगितलं, खालांनी सही केली आणि खुर्चीत बसल्या. बांगड्या वर सरकवल्या. शाइस्तानं त्यांच्या मनगटावर पट्टी ठेवली आणि तार जोडली. पडद्यावर रेघ आली. सुरुवातीला सपाट, मग एक उंचवटा, त्याच्यामागं लहानसा दुसरा, पुन्हा मोठा, पुन्हा लहान. थरथर नाही. नाडीचा प्रत्येक ठोका असा स्वच्छ, की त्याच्या मागचा तो छोटा धक्कासुद्धा दिसत होता. इतकी वर्षं मी रेघा नसाव्यात म्हणून बघत होते आणि त्या दिवशी एका रेघेवरून माझी नजर हटेना.

"ही माझी?" खालांनी विचारलं.

"तुमची, अम्मी."

त्या बघत राहिल्या. हात हलवून पाहिला, मनगट वाकवलं. रेघ चालूच. मग त्या म्हणाल्या, "आता काढ." शाइस्तानं कडेला एक थेंब पाणी सोडलं आणि पट्टी उचलली. खाला वाट बघत होत्या. "काढली का?" त्यांनी विचारलं. शाइस्तानं पट्टी दाखवली. खालांनी मनगटावरून बोट फिरवलं, उजेडाकडं धरून पाहिलं. कुठं लाल नव्हतं.

"कळलंच नाय," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून मागच्या खोलीकडं गेल्या. तहरीम उठली होती.

त्यानंतर शाइस्ता लीलाबाईंना भेटायला गेली. सिस्टर निवृत्त झाल्या होत्या. हर्सूल तलावाच्या बाजूला मुलाकडं राहत होत्या, म्हणजे इतके दिवस दोघींची घरं हाकेच्या अंतरावर. शाइस्तानं तहरीमला बरोबर नेलं. ती आता धावत होती. लीलाबाईंना आधी ओळख पटेना. त्यांच्या हाताखालून कितीतरी मुलं गेलेली. शाइस्तानं सांगितलं, काचेच्या पेटीतली, खिडकीकडची. मग त्यांनी तहरीमचं पाऊल हातात घेतलं, टाचेकडं पाहिलं. तिथं जुन्या पट्टीची फिकट खूण आहे. त्या म्हणाल्या, "हां. ही तर लई भांडकुदळ होती."

शाइस्तानं पट्टी दाखवली. लीलाबाईंनी कौतुक केलं आणि लगेच विचारायला सुरुवात केली. बाळ पेटीत असतं तिथं दमटपणा असतो, तिथं टिकेल का? अंग पुसताना भिजली तर? अंधारात बाळ उचलताना तार अडकली तर? शाइस्ता सगळं लिहून घेऊन आली. आम्ही त्यावर काम करतोय. आता एका रुग्णालयाच्या समितीपुढं अर्ज आहे. त्यांची परवानगी मिळाली की तिथले डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली अगदी मोजक्या बाळांवर पट्टी लावून बघतील. व्हायला वेळ लागेल. चालेल की नाही हेही आत्ता छातीठोकपणे कुणी सांगू नये. पण पट्टी आहे, ती सपाट आहे, आणि ती निघताना कळत नाही, एवढं आम्हाला माहीत आहे.

शाइस्ता नमाजानंतर दुआ मागते तेव्हा त्यात नावं घेते, असं ओवैसनं मला एकदा सांगितलं. अब्बांचं, अम्मीचं, करमाडच्या बारावीच्या बाईंचं, लीलाबाईंचं, रत्नमाला मॅडमचं. माझंही घेते म्हणे. मी तिला विचारलं की मी असं काय केलं. ती म्हणाली, "तुम्ही एकदाही खोटं सांगितलं नाही ताई. सुरकुती आहे तर आहे म्हणालात. कधी कधी मला फार वाटायचं की तुम्ही नाही म्हणावं."

तहरीम आता बालवाडीत जाते. अमिनाखालांना घरी करमेना. त्याच सुमारास आमच्याकडं रसायनांचं काम बघणारी संस्कृती बाळंतपणाच्या रजेवरून परत आली, आणि शेजारच्या पॅकिंगच्या शेडमधल्या एका बाईनंही विचारलं की माझं पोरगं त्या खोलीत ठेवता येईल का. मॅडमनी खालांना बोलावून रीतसर नोकरीच दिली. मदतीला एक मुलगी आहे, पाळणे आहेत, भिंतीवर मुलांनी ओढलेल्या रेघोट्या आहेत. खाला सकाळी शाइस्ताच्या स्कूटीवर मागं बसून येतात. कामावर जाताना डबा त्याच आठवणीनं घेतात, कारण शाइस्ता विसरते.

परवा दुपारी मी तिकडून चालले होते. खोलीत दोन पोरं पत्र्याच्या डब्यावर चमचा बडवत होती. खालांनी त्यांना जवळ ओढलं, ओठावर बोट ठेवलं आणि भिंतीपलीकडं खूण करून हळूच म्हणाल्या, "आता नक्को. पलीकडं पापुद्रा पाण्यावर हाय. थोडं थांबा, उचलू द्या तिला."

पोरं थांबली. मीही चपला काढून हातात घेतल्या आणि दाराशी उभी राहिले.